शिरूर व दौंड तालुक्यांतील संस्थात्मक बालसंगोपन

शिरूर व दौंड तालुक्यांतील संस्थात्मक बालसंगोपन या लेखात महाराष्ट्राच्या पुणे जिल्ह्यातील या दोन तालुक्यांत बालगृहे व तत्सम संस्थांमध्ये राहणाऱ्या मुलांच्या संगोपनाचा इतिहास, त्यामागची कायदेशीर चौकट आणि निवारा, आरोग्य, शिक्षण, कागदपत्रे व पुनर्वसन या सेवांच्या समन्वयाची व्यवस्था यांचा आढावा घेतला आहे. दौंड तालुक्यातील केडगाव येथे पंडिता रमाबाई यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उभारलेले मुक्ती सदन आणि शिरूर तालुक्यातील वढू बुद्रुक येथे १९९७ साली सुरू झालेली ‘माहेर’ ही संस्था यांमुळे या परिसराला महाराष्ट्राच्या बालसंगोपनाच्या इतिहासात विशेष स्थान आहे. सध्या अशा संस्थांचे कामकाज बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ आणि त्याखालील महाराष्ट्र राज्याचे २०१८ चे नियम यांनुसार चालते.

संज्ञा

कायद्यानुसार १८ वर्षे पूर्ण न झालेली प्रत्येक व्यक्ती ‘बालक’ होय. कायदा बालकांचे दोन वर्ग करतो. ज्यांना घर, पालक वा उपजीविकेचे साधन नाही, ज्यांचे पालक सांभाळ करण्यास असमर्थ आहेत, ज्यांच्यावर अत्याचार झाला आहे किंवा जी कामावर वा भीक मागताना आढळली आहेत अशा बालकांना ‘काळजी व संरक्षणाची गरज असलेली बालके’ म्हणतात. त्यांच्याविषयीचे निर्णय बालकल्याण समिती घेते. गुन्ह्याचा आरोप असलेल्या बालकांना ‘विधिसंघर्षग्रस्त बालके’ म्हणतात. त्यांची प्रकरणे बाल न्याय मंडळापुढे चालतात.

बोलीभाषेत या सर्वच ठिकाणांना ‘अनाथाश्रम’ किंवा ‘रिमांड होम’ म्हटले जाते. हे दोन्ही शब्द आजच्या व्यवस्थेचे यथार्थ वर्णन करीत नाहीत. ‘रिमांड होम’ ही संज्ञा मुंबई राज्याच्या जुन्या बालक अधिनियमातून आली असून आता तिच्या जागी विधिसंघर्षग्रस्त बालकांसाठी ‘निरीक्षणगृह’ ही संज्ञा वापरली जाते. ‘अनाथाश्रम’ हा शब्दही अपुरा आहे, कारण बालगृहात राहणाऱ्या अनेक मुलांचे एक किंवा दोन्ही पालक हयात असतात. दारिद्र्य, आजारपण, घरातील हिंसा, व्यसनाधीनता, स्थलांतर किंवा एका पालकाचा मृत्यू या कारणांमुळे ही मुले संस्थेत येतात. लहान बालकांसाठी शिशुगृह व विशेष दत्तक संस्था, तात्पुरत्या आसऱ्यासाठी खुले निवारागृह आणि १८ वर्षांवरील युवकांसाठी अनुरक्षणगृह असे या संस्थांचे अन्य प्रकार आहेत.

समाजकल्याण विभागाची वसतिगृहे, आदिवासी आश्रमशाळा आणि ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी चालणारी हंगामी वसतिगृहे ही शिक्षणाच्या सोयीसाठी असतात आणि ती बालगृहांहून वेगळी आहेत. बालगृहातील प्रवेश मात्र बालकल्याण समितीच्या आदेशानेच होतो.

भौगोलिक व सामाजिक पार्श्वभूमी

शिरूर आणि दौंड हे पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागातील तालुके असून त्यांच्यामधून भीमा नदी वाहते. शिरूर हे गाव घोड नदीच्या काठी, पुणे–अहिल्यानगर मार्गावर वसलेले असून ते ‘घोडनदी’ या नावानेही ओळखले जाते. दौंड हे पुणे–सोलापूर लोहमार्गावरील जंक्शन असून तेथून मनमाडकडे लोहमार्ग जातो. दोन्ही तालुक्यांचे बरेचसे क्षेत्र पर्जन्यछायेच्या प्रदेशात मोडते.

रांजणगाव व कुरकुंभ येथील औद्योगिक वसाहती, साखर कारखाने, गुऱ्हाळे आणि वीटभट्ट्या यांमुळे येथे मराठवाड्यातून व परप्रांतांतून कामगार येतात. ऊसतोडीचा हंगाम साधारणपणे ऑक्टोबर–नोव्हेंबरपासून मार्च–एप्रिलपर्यंत चालतो आणि या काळात कुटुंबासोबत आलेल्या मुलांच्या शाळेत खंड पडतो. दौंड स्थानकावर घरातून निघून आलेली किंवा गाडीत हरवलेली मुले आढळतात. त्यामुळे येथील बालसंरक्षणाच्या कामात अन्य जिल्ह्यांतील व राज्यांतील यंत्रणांशी पत्रव्यवहार हा नित्याचा भाग ठरतो.

इतिहास

आरंभीचे प्रयत्न

पुणे परिसरात निराधार बालकांच्या संगोपनाचे संघटित प्रयत्न एकोणिसाव्या शतकात सुरू झाले. महात्मा जोतीराव फुले व सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले. तेथे जन्मलेल्या यशवंत याला त्यांनी दत्तक घेतले. १८७६–७८ च्या दुष्काळात सत्यशोधक समाजाने धनकवडी येथे मुलांसाठी अन्नछत्र व आश्रम चालवला. प्रार्थना समाजाने १८७५ साली पंढरपूर येथे बालकाश्रम सुरू केला. तो पुढे वासुदेव बाबाजी नवरंगे बालकाश्रम या नावाने ओळखला जाऊ लागला.

केडगाव येथील मुक्ती सदन

पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत ‘शारदा सदन’ सुरू केले आणि १८९० मध्ये ते पुण्यास हलवले. तेथील काही मुली ख्रिस्ती प्रार्थनेला उपस्थित राहतात या कारणावरून १८९३ मध्ये वाद उद्भवला. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे व रामकृष्ण गोपाळ भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले आणि अनेक पालकांनी आपल्या मुलींना काढून घेतले. संस्थेतील मुलांच्या धर्माचा, पालकांच्या संमतीचा आणि संस्थाचालकांवरील बाह्य देखरेखीचा प्रश्न या वादामुळे महाराष्ट्रात जाहीरपणे चर्चिला गेला.

१८९६–९७ च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतातून शेकडो निराधार स्त्रिया व मुली आणल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध असल्यामुळे त्यांना केडगाव येथे लोहमार्गालगतच्या सुमारे शंभर एकर शेतजमिनीवर ठेवण्यात आले. १८९८ मध्ये तेथे मुक्ती सदनाची वास्तू उभी राहिली. १८९९–१९०० च्या दुष्काळात गुजरात व राजपुतान्यातूनही मुली आल्या आणि रहिवाशांची संख्या दोन हजारांच्या जवळपास पोहोचली.

मुक्ती सदनाची रचना स्वयंपूर्ण वसाहतीसारखी होती. शाळा, शेती, गोठा, विणकाम, तेलघाणा, छापखाना आणि रुग्णसेवा हे सर्व आवारातच चाले. पतित मानल्या गेलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन, वृद्धांसाठी प्रीती सदन, मुलांसाठी सदानंद सदन आणि अंध स्त्रियांसाठी बार्तिमय सदन असे स्वतंत्र विभाग होते. रमाबाईंच्या कन्या मनोरमाबाई यांनी अमेरिकेत ब्रेल लिपी शिकून येथे तिचे शिक्षण सुरू केले. रमाबाईंनी केलेल्या बायबलच्या मराठी भाषांतराची छपाई येथील छापखान्यात रहिवासी स्त्रियांच्या हातून झाली. एका मुलीला लागणारे अन्न, औषध, अक्षरओळख आणि हस्तव्यवसाय या सर्वांची जबाबदारी एकाच संस्थेवर असल्यामुळे सेवांच्या समन्वयाचा वेगळा प्रश्न तेथे उद्भवत नव्हता. मात्र मुलीच्या भवितव्याचा निर्णयही संस्थेबाहेरील कोणाच्या तपासणीविना होत असे. पंडिता रमाबाई मुक्ती मिशन या नावाने ही संस्था आजही केडगाव येथे कार्यरत आहे.

शिरूर परिसर

अमेरिकन मराठी मिशनचे शिरूर येथे केंद्र होते. रेव्हरंड रिचर्ड विन्सर यांच्या काळात तेथे मुलांना हस्तव्यवसाय शिकवणारी औद्योगिक शाळा चालत असे. १८९९–१९०० च्या दुष्काळात या मिशनने आपल्या विविध केंद्रांत अनाथ मुलांना आश्रय दिला.

शिरूर तालुक्यातील वढू बुद्रुक येथे सिस्टर ल्युसी कुरियन यांनी १९९७ मध्ये ‘माहेर’ ही संस्था स्थापन केली. अत्याचारग्रस्त स्त्रिया व त्यांची मुले यांना आसरा देण्यापासून सुरू झालेल्या या कामाचा विस्तार पुढे निराधार मुलांच्या निवासापर्यंत आणि अन्य राज्यांपर्यंत झाला. कुरियन यांना भारत सरकारचा २०१५ चा नारीशक्ती पुरस्कार मिळाला.

कायद्यांचा विकास

मुंबई इलाख्यात १९२४ मध्ये आणि स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यात १९४८ मध्ये बालकांविषयीचा अधिनियम झाला. त्यातून बाल न्यायालये, रिमांड होम आणि प्रमाणित शाळा ही व्यवस्था आकाराला आली. १९६० च्या केंद्रीय कायद्याने अनाथालये व धर्मादाय गृहांवर देखरेखीची तरतूद केली. त्यानंतर १९८६ चा बाल न्याय अधिनियम देशभर एकसारखा लागू झाला. भारताने ११ डिसेंबर १९९२ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेस मान्यता दिली. तिच्याशी सुसंगत असा नवा कायदा २००० मध्ये आणि सध्याचा कायदा २०१५ मध्ये झाला. सध्याचा कायदा १५ जानेवारी २०१६ पासून अमलात आहे. २०२१ ची दुरुस्ती १ सप्टेंबर २०२२ पासून लागू झाली. तिने दत्तक आदेश देण्याचा अधिकार न्यायालयाकडून जिल्हाधिकाऱ्यांकडे आला आणि जिल्हा बाल संरक्षण कक्षाच्या कामावर देखरेख करण्याची जबाबदारीही त्यांच्यावर आली.

मुलाला संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय असावा आणि कुटुंबाचा पर्याय आधी तपासला जावा, हे तत्त्व सध्याच्या कायद्याने स्पष्टपणे नमूद केले आहे. दुष्काळाच्या काळात निवारा देणे हेच संस्थांचे मुख्य कार्य होते. आता मुलाला शक्य तितक्या लवकर सुरक्षित कुटुंबात परत पाठवणे हेही त्यांचे कार्य मानले जाते.

समन्वयाची रचना

बालगृहातील एका मुलाच्या संगोपनात अनेक यंत्रणांचा सहभाग असतो. त्यांतील प्रमुख पुढीलप्रमाणे :

बालकल्याण समिती : अध्यक्ष व चार सदस्य असलेली ही समिती जिल्हास्तरावर असते. सदस्यांपैकी किमान एक स्त्री आणि एक बालकविषयक तज्ज्ञ असणे आवश्यक आहे. समितीचा कार्यकाळ तीन वर्षांचा असतो. तिने महिन्यातून किमान २० दिवस बैठक घेणे अपेक्षित आहे. मुलाला कोठे ठेवावे, कुटुंबाकडे केव्हा पाठवावे, दत्तक देण्यास तो कायदेशीरदृष्ट्या मुक्त आहे किंवा कसे, हे ठरवण्याचा अधिकार समितीला आहे. प्रकरणाच्या अंतिम निर्णयाच्या वेळी किमान तीन सदस्य उपस्थित असावे लागतात.

जिल्हा बाल संरक्षण कक्ष : जिल्हा बाल संरक्षण अधिकारी, संस्थात्मक व संस्थाबाह्य काळजीसाठीचे स्वतंत्र संरक्षण अधिकारी, विधी तथा परिविक्षा अधिकारी, समुपदेशक, सामाजिक कार्यकर्ते आणि क्षेत्रीय कार्यकर्ते यांचा या कक्षात समावेश असतो. निरनिराळ्या विभागांना जोडण्याचे दैनंदिन काम या कक्षाकडे असते.

महिला व बाल विकास विभाग : संस्थांची नोंदणी, अनुदान व प्रशासकीय नियंत्रण या विभागाकडे आहे. त्याचे राज्यस्तरीय आयुक्तालय पुणे येथे आहे.

पोलीस : प्रत्येक पोलीस ठाण्यात किमान सहायक उपनिरीक्षक दर्जाचा बालकल्याण पोलीस अधिकारी असावा लागतो. शिरूर, रांजणगाव व शिक्रापूर तसेच दौंड व यवत ही पोलीस ठाणी पुणे ग्रामीण पोलीस दलात मोडतात. स्थानकाच्या हद्दीतील प्रकरणे लोहमार्ग पोलीस व रेल्वे सुरक्षा दल हाताळतात.

आरोग्य व शिक्षण विभाग : प्राथमिक आरोग्य केंद्रे, ग्रामीण व उपजिल्हा रुग्णालये, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची तपासणी पथके, तसेच जिल्हा परिषदेच्या व खासगी शाळा.

तालुका व ग्राम बाल संरक्षण समित्या : गावपातळीवर सरपंच, अंगणवाडी सेविका, आशा सेविका, शिक्षक व पोलीस पाटील यांच्यामार्फत संकटग्रस्त मुलांची माहिती वेळीच मिळावी, हा या समित्यांचा उद्देश आहे.

मुलांच्या मदतीसाठी १०९८ हा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक आहे. ही सेवा १९९६ मध्ये मुंबईत सुरू झाली. २०२३ पासून ती शासकीय यंत्रणेमार्फत चालवली जाते आणि ११२ या आपत्कालीन क्रमांकाशी जोडलेली आहे.

प्रवेशापासून पुनर्वसनापर्यंत

निराधार बालक आढळल्यास प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांच्या आत त्याला बालकल्याण समितीपुढे हजर करावे लागते. पोलीस, रेल्वे कर्मचारी, ग्रामसेवक, शिक्षक, डॉक्टर किंवा कोणताही नागरिक हे करू शकतो आणि बालक स्वतःही समितीपुढे येऊ शकते. समितीची बैठक सुरू नसेल तेव्हा एका सदस्यापुढे हजर करण्याची मुभा आहे. आढळलेल्या मुलाची माहिती न देता त्याला परस्पर घरी ठेवून घेणे किंवा दुसऱ्याच्या स्वाधीन करणे हा गुन्हा ठरू शकतो.

यानंतर सामाजिक चौकशी केली जाते. परिविक्षा अधिकारी किंवा सामाजिक कार्यकर्ता मुलाच्या घरी जाऊन कुटुंबाची स्थिती, मूळ गाव, नातेवाईक, शाळा व घर सोडण्याचे कारण यांची नोंद करतो. हा अहवाल १५ दिवसांत पूर्ण व्हावा आणि मुलाला प्रथम हजर केल्यापासून चार महिन्यांत समितीने अंतिम आदेश द्यावा, असे कायदा सांगतो. मूल अन्य जिल्ह्यातील असेल तर त्याचे प्रकरण त्या जिल्ह्याच्या समितीकडे वर्ग करता येते. वीटभट्टीवर किंवा उसाच्या फडावर सापडलेल्या मुलाच्या बाबतीत कुटुंब हंगाम संपताच गाव सोडून जाते. त्यामुळे चौकशीस विलंब झाल्यास पालकांचा ठावठिकाणा लागणे अवघड होते.

संस्थेत दाखल झालेल्या प्रत्येक मुलासाठी ‘वैयक्तिक काळजी आराखडा’ तयार करावा लागतो. त्यात मुलाचे आरोग्य, पोषण, भावनिक गरजा, शिक्षण, छंद, नातेसंबंध, पूर्वीचे अनुभव आणि पुनर्वसनाची दिशा नमूद केलेली असते. आराखडा तयार करताना मुलाचे स्वतःचे म्हणणे विचारात घेणे बंधनकारक आहे. सुरुवातीचे तीन महिने दर पंधरवड्याला आणि त्यानंतर दरमहा प्रगतीची नोंद केली जाते. वेगवेगळ्या विभागांच्या सेवा एकाच मुलाभोवती एकत्र आणणारा हा एकमेव दस्तऐवज असल्याने समन्वयाच्या दृष्टीने त्याला मध्यवर्ती महत्त्व आहे. तो केवळ रकाने भरण्यापुरता राहिल्यास रुग्णालयाने सुचवलेला चष्मा, शाळेने कळवलेली अक्षरओळखीतील अडचण आणि घरी परतण्याविषयी मुलाच्या मनातील भीती या बाबी तीन वेगवेगळ्या नोंदवह्यांत राहतात आणि निर्णय घेणाऱ्या समितीपर्यंत एकत्रितपणे पोहोचत नाहीत.

सोडून दिलेल्या किंवा अनाथ बालकाच्या पालकांचा शोध न लागल्यास समिती त्याला दत्तकासाठी कायदेशीरदृष्ट्या मुक्त घोषित करते. दोन वर्षांपर्यंतच्या बालकासाठी ही मुदत दोन महिन्यांची आणि त्याहून मोठ्या बालकासाठी चार महिन्यांची आहे.

प्रमुख सेवा

निवास

नियमांनुसार बालगृहात शयनकक्षात प्रत्येक मुलामागे ४० चौरस फूट जागा, सात मुलांमागे एक शौचालय आणि दहा मुलांमागे एक स्नानगृह असावे लागते. आजारी मुलांसाठी स्वतंत्र खोली, अभ्यासिका, मैदान व तक्रारपेटी यांचीही तरतूद आहे. ६ ते १०, ११ ते १५ आणि १६ ते १८ या वयोगटांच्या स्वतंत्र बालसमित्या स्थापन करून भोजन, खेळ व दैनंदिनी याविषयी मुलांचे मत घेतले जाते. शारीरिक शिक्षा करण्यास कायद्याने मनाई आहे.

आरोग्य व समुपदेशन

प्रवेशानंतर वैद्यकीय तपासणी व लसीकरणाची खातरजमा केली जाते. नेहमीचे उपचार तालुक्यातच होतात. बालमानसोपचार, श्रवण व वाचा उपचार आणि गुंतागुंतीच्या शस्त्रक्रिया यांसाठी मात्र पुणे शहरातील रुग्णालयांकडे पाठवावे लागते. अशा प्रत्येक फेरीत संस्थेतील एक काळजीवाहक दिवसभरासाठी गुंततो.

शिक्षण

बालगृहातील बहुतेक मुले परिसरातील शाळांत जातात. शाळा सोडल्याचा दाखला मिळण्यास विलंब झाला किंवा वयाचा पुरावा नसला तरी प्रवेश नाकारता येत नाही, अशी तरतूद २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात आहे. वर्षाच्या मध्यास दाखल झालेल्या, परभाषक किंवा बराच काळ शाळेबाहेर राहिलेल्या मुलांच्या बाबतीत वयानुरूप वर्गात बसवणे आणि मागील अभ्यास भरून काढणे या दोन गोष्टी एकत्र कराव्या लागतात.

कागदपत्रे

जन्मदाखला, आधार, बँक खाते आणि जातीचा दाखला या कागदपत्रांवर शिष्यवृत्ती, प्रवेश व नोकरी अवलंबून असते. ज्यांचे कुळ ज्ञात नाही अशा मुलांना जातीचा दाखला मिळू शकत नाही. महाराष्ट्र शासनाने २०१८ मध्ये अनाथांसाठी शिक्षण व शासकीय नोकरीत एक टक्का समांतर आरक्षण लागू केले. त्यासाठी महिला व बाल विकास विभागाकडून अनाथ प्रमाणपत्र दिले जाते. संस्थेत असतानाच हे प्रमाणपत्र न मिळाल्यास संस्था सोडल्यानंतर जुन्या नोंदी शोधून ते मिळवणे कठीण जाते.

संस्थाबाह्य काळजी

संस्थेतील प्रवेश टाळणे किंवा तेथील वास्तव्य कमी करणे यासाठी कुटुंबाला आर्थिक आधार देणाऱ्या योजना आहेत. महाराष्ट्राच्या क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेत अनाथ, एकपालक किंवा गंभीर आजारी पालक असलेल्या मुलांच्या संगोपनासाठी साहाय्य मिळते. २०२३ मध्ये ही रक्कम दरमहा २,२५० रुपये झाली. केंद्र पुरस्कृत मिशन वात्सल्य योजनेत प्रायोजकत्वाखाली दरमहा ४,००० रुपये दिले जातात. त्यासाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ग्रामीण भागात ७२,००० रुपये आणि अन्यत्र ९६,००० रुपये आहे. कोविडमुळे विधवा झालेल्या स्त्रियांसाठी महाराष्ट्राने २०२१ मध्ये राबवलेले ‘मिशन वात्सल्य’ हे अभियान या केंद्रीय योजनेहून वेगळे आहे.

कोविड साथीच्या काळात संस्थांमधील गर्दी कमी करण्यासाठी सर्वोच्च न्यायालयाने ३ एप्रिल २०२० रोजी निर्देश दिले. शक्य असेल तेथे मुलांना कुटुंबाकडे पाठवण्यात आले. अनेक मुलांना थोड्या साहाय्याने घरी राहता येते हे यातून दिसले. परंतु घरी पाठवलेल्या मुलांची नियमित विचारपूस करणारी यंत्रणा तालुकापातळीवर पुरेशी नसल्यास अशी मुले बालमजुरी किंवा बालविवाहाकडे ढकलली जाण्याचा धोका असतो, याकडेही या क्षेत्रात काम करणाऱ्यांनी लक्ष वेधले.

नोंदणी व देखरेख

मुलांना ठेवणारी प्रत्येक संस्था, ती शासकीय अनुदान घेत असो वा नसो, बाल न्याय अधिनियमाखाली नोंदणीकृत असणे बंधनकारक आहे. नोंदणी पाच वर्षांसाठी असते. विनानोंदणी संस्था चालवल्यास एक वर्षापर्यंत कारावास, किमान एक लाख रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. तपासणी समितीने तीन महिन्यांतून किमान एकदा प्रत्येक संस्थेला भेट द्यावी लागते. भेट देणाऱ्या पथकात किमान तीन सदस्य असतात. त्यांत एक स्त्री व एक वैद्यकीय अधिकारी असणे आवश्यक आहे.

देखरेखीचे महत्त्व महाराष्ट्रात २०१० मध्ये तीव्रतेने जाणवले. ठाणे व रायगड जिल्ह्यांतील मतिमंद मुलांच्या खासगी संस्थांत झालेले अत्याचार व उपासमार यांच्या बातम्यांची मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि अशा संस्थांच्या पाहणीसाठी राज्यस्तरीय समन्वय समिती नेमण्यात आली. केंद्र शासनाने २०१६–१७ मध्ये केलेल्या देशव्यापी पाहणीत ९,५८९ संस्थांची नोंद झाली. त्यांतील बहुसंख्य संस्था त्या वेळी या कायद्याखाली नोंदणीकृत नव्हत्या. सर्वोच्च न्यायालयाने ५ मे २०१७ च्या निकालात सर्व संस्थांची नोंदणी, प्रत्येक मुलाचा वैयक्तिक आराखडा आणि नियमित तपासणी यांविषयी निर्देश दिले.

मुलाची ओळख उघड होईल असे नाव, छायाचित्र किंवा शाळेचा तपशील प्रसिद्ध करण्यास मनाई असून त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कारावास, दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्हींची तरतूद आहे. ग्रामीण भागात वाढदिवस किंवा पुण्यतिथीनिमित्त बालगृहात अन्नदान करण्याची प्रथा रूढ आहे. अशा प्रसंगी काढलेली मुलांची छायाचित्रे समाजमाध्यमांवर टाकल्यास हा नियम मोडला जातो.

अठरा वर्षांनंतर

वयाची १८ वर्षे पूर्ण झाल्यावर बालगृहातील वास्तव्य संपते. त्यानंतर साधारणपणे २१ वर्षांपर्यंत आणि अपवादात्मक परिस्थितीत २३ वर्षांपर्यंत अनुरक्षण सेवा मिळू शकते. तीत निवास, व्यावसायिक प्रशिक्षण, शिक्षणासाठी साहाय्य व समुपदेशन यांचा समावेश होतो. रांजणगाव व कुरकुंभच्या औद्योगिक वसाहती जवळ असल्याने या परिसरात प्रशिक्षण व रोजगाराला वाव आहे. मात्र भाड्याच्या घरासाठी लागणारी अनामत, जामीनदार आणि कायमचा पत्ता या बाबी कुटुंब नसलेल्या युवकांना अडसर ठरतात. अनुरक्षणाची तयारी १८ व्या वाढदिवसाच्या बरीच आधी सुरू होऊन वैयक्तिक आराखड्यात नमूद व्हावी, अशी अपेक्षा आहे.

अडचणी व चर्चा

शिरूर आणि दौंड या दोन्ही ठिकाणांहून पुणे शहर सुमारे ७० ते ८० किलोमीटर दूर आहे. बालकल्याण समिती व जिल्हा बाल संरक्षण कक्ष ही जिल्हास्तरीय कार्यालये असल्याने सुनावणी, वैद्यकीय तपासणी आणि कागदपत्रे यांसाठी मुलाला व पालकांना वारंवार प्रवास करावा लागतो. मजुरीवर पोट असलेल्या पालकाच्या दृष्टीने सुनावणीची प्रत्येक तारीख म्हणजे एका दिवसाचा बुडालेला रोज होय. समितीने संस्थेला दिलेली भेट ही समितीची बैठक मानली जावी, अशी तरतूद कायद्यात आहे. तालुक्यांत जाऊन कामकाज करण्यासाठी तिचा उपयोग होऊ शकतो.

सेवांच्या विभागणीमुळे उत्तरदायित्वाचा प्रश्नही निर्माण होतो. मुक्ती सदनासारख्या जुन्या संस्थांत सर्व सेवा एका छत्राखाली होत्या, परंतु त्यांवर बाह्य नियंत्रण नव्हते. सध्याच्या व्यवस्थेत नियंत्रण आहे, तथापि जबाबदारी अनेक कार्यालयांत वाटली गेली आहे. मिशन वात्सल्य योजनेतील बरेचसे कर्मचारी कंत्राटी पद्धतीने नेमले जातात. कर्मचारी बदलल्यास मुलाविषयीची माहिती त्याच्यासोबत जाते आणि नव्या कर्मचाऱ्यापुढे मुलाला आपली हकिकत पुन्हा सांगावी लागते. केंद्रीय संगणकीय नोंदप्रणाली हा यावरील एक उपाय मानला जातो. ती उपयुक्त ठरण्यासाठी संस्थेने केलेल्या नोंदी वेळेवर व पूर्ण असणे आवश्यक आहे.

संस्था बंद करून सर्व मुलांना कुटुंबात पाठवावे, असा एक मतप्रवाह आहे. दुसऱ्या मतप्रवाहानुसार हिंसाचारग्रस्त घरांतील, गंभीर अपंगत्व असलेल्या आणि कोणीही नातेवाईक नसलेल्या मुलांसाठी लहान, कुटुंबासारख्या संस्थांची गरज राहणारच आहे. मुलाविषयीचा निर्णय त्याच्या वैयक्तिक परिस्थितीच्या चौकशीवर आधारलेला असावा, याबाबत मात्र दोन्ही मतप्रवाहांत एकवाक्यता आढळते.

हेही पहा

पंडिता रमाबाई
बालकल्याण समिती
बाल न्याय अधिनियम, २०१५
महात्मा जोतीराव फुले
शिरूर तालुका
दौंड तालुका